खोलीचा आवाज

महसूल खात्यातल्या एकतीस वर्षांच्या चाकरीत लोकांच्या आवाजाशी माझा संबंध आला, तो आवाज पुसून टाकण्यापुरताच. तहसील कचेरीत कारकून म्हणून जाबजबाब नोंदवताना समोर उभा असलेला शेतकरी ज्या बोलीत, ज्या खाकरण्याने आणि जेथे जेथे अडखळून आपल्या बांधाची कैफियत सांगे, त्यांतले काहीही कागदावर उतरत नसे. उतरे ते एवढेच की, मजकूर इसम समक्ष हजर होऊन लिहून देतो की, सदरहू जमीन आपल्या वहिवाटीत असून त्यास कोणाचीही हरकत नाही. दफ्तराला तेवढे पुरे होई आणि, खरे सांगायचे तर, मलाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी लोकांचे आवाज सांभाळण्याच्या, त्यांवरची धूळ झाडून ते दुसऱ्याच्या कानी सुपूर्द करण्याच्या उद्योगात पडेन, असे मला त्या काळी कोणी सांगितले असते, तर मी त्या कथनावर ‘पडताळणी आवश्यक’ असा शेरा मारून प्रकरण परत पाठवले असते.

आमचे घर छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे, असे मी पत्ता सांगताना सवयीने म्हणतो; परंतु ज्या चौकात मारलेली हाक दहा पावलांवरच्या माणसाला ऐकू जात नाही त्या चौकाला हे माप लावण्यात थोडी अफरातफर होते, हे कबूल केले पाहिजे. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील बंडवाल्या शिपायांना जेथे देहान्त शासन दिले गेले तो काळा चबुतरा म्हणजेच आजचा हा चौक. पुढे येथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. जालना रस्त्यावर उड्डाणपूल झाल्यावर तो पुलाच्या मानाने ठेंगणा दिसू लागला, म्हणून चौथरा उंच करून फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा पुतळा बसवण्यात आला. पुलावरून ट्रक, पुलाखालून रिक्षा, कडेने शहर बस, आणि सरकारदरबारी गाऱ्हाणे नेणाऱ्या बहुतेक मोर्चांचे आरंभस्थान हेच. अशा ठिकाणच्या दुसऱ्या मजल्यावर, शहाबादी फरशीच्या आणि उघड्या भिंतींच्या खोलीत बसून मी एके दिवशी मोबाइलसमोर पुस्तक वाचू लागलो.

निमित्त शेजारच्या मुलाचे. तो जन्मांध, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, आणि पुस्तके कानाने वाचणारा. त्याच्याकडूनच मला कळले की २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली अशी सवलत आली आहे की, अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे सुगम रूप करावयाचे असल्यास, ते नफ्यासाठी नसेल तर, हक्कधारकाची परवानगी लागत नाही. मराकेश येथे २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच. आणि ऑगस्ट २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचे असे ग्रंथालयही केंद्र सरकारच्या पुढाकाराने चालू आहे. कायदा अनुकूल, ग्रंथालय हजर, वाचणारी माणसे मात्र थोडी. आम्ही निवृत्तांनी पाचसहा जणांचा मेळ जमवला आणि घरोघर वाचनाची तजवीज केली.

माझे पहिले ध्वनिमुद्रण ऐकून त्या मुलाने अत्यंत विनयाने विचारले, “काका, स्वयंपाकघरात बसला होतात का?” मी दिवाणखान्यात बसलो होतो. तथापि फीत पुन्हा ऐकताना (फीत आता राहिलेली नाही, परंतु माझ्या पिढीच्या तोंडून हा शब्द जाणे कठीण) ध्यानात आले की माझ्या आवाजाखेरीज त्या खोलीत आणखी किती रहिवासी आहेत, याची मला एवढ्या वर्षांत दादच नव्हती. कुलरचा पाण्यासकट घरघराट. ट्यूबलाइटच्या चोकचा गुणगुणाट. लॅपटॉपचा चार्जर लावला की येणारा विजेचा तो बारीक, अखंड घुमारा, जो आमच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग नसल्याने उठतो आणि चार्जर काढला की थांबतो. वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटार. आणि कुकरची शिट्टी तर आपल्याकडे प्रत्येक गद्य उताऱ्याला लाभलेले विरामचिन्हच आहे. आपला कान हा मोठा पक्षपाती पेशकार असतो; तो साहेबापुढे हव्या त्या अर्जदाराला तेवढा आत सोडतो आणि बाकीच्यांना दाराबाहेर बसवून ठेवतो. माइकला ही विवेकबुद्धी नाही. तो सर्वांची आवक सारखीच नोंदवतो.

उपाय म्हणून मी रात्र धरली. अडीच ते पाच या वेळात क्रांती चौक निजतो असे नव्हे, पण कूस बदलतो. मे महिन्यात पारा ४२ च्या घरात गेलेला, भिंती रात्रीही ऊब सोडत असलेल्या, आणि मी कुलर, पंखा, फ्रिज सारे बंद करून, दोन खुर्च्यांवर आईच्या हातच्या चार गोधड्या टाकून केलेल्या पालाखाली बनियनवर बसून हरिभाऊ आपट्यांचे गद्य वाचतो आहे, हे दृश्य घरच्या मंडळींना काही काळ चिंतेचे वाटले. त्यांना मी वॉलेस सॅबाइनची हकीकत सांगितली. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घोटाळत राही आणि व्याख्यात्याचे काहीच कळत नसे. तो दोष शोधण्याचे काम १८९५ मध्ये या तरुण प्राध्यापकाकडे आले. रस्ता निजल्यावर मध्यरात्रीनंतर तो जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणी, एकेक गादी वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजी, आणि पहाटेपूर्वी गाद्या पुन्हा जागेवर नेऊन ठेवी. अंगावरच्या कपड्यांनीही मोजणीत फरक पडतो हे उमगताच त्याने आधीची निरीक्षणे रद्दबातल केली आणि पुढे प्रत्येक रात्री तोच पोशाख चढवला. सभागृहांचे ध्वनिशास्त्र या गाद्यांच्या हमालीतून निघाले. आमच्या गोधड्यांना ही परंपरा आहे, असे मी म्हटल्यावर घरातून उत्तर आले की त्या प्राध्यापकाला पगार मिळत असेल.

रात्रीने रस्ता गेला, गोधड्यांनी भिंती गेल्या. तरीही आवाज लांबून, विहिरीच्या काठावरून बोलल्यासारखा येई. त्याचे कारण मला नोकरीतल्या एका जुन्या प्रसंगाने समजले. सातबाराच्या उताऱ्यासंबंधी शेतकऱ्यांना माहिती देण्यासाठी एकदा मला जालना रस्त्यावरच्या आकाशवाणी केंद्रात पाठवण्यात आले होते. (निजामाच्या अमदानीत या शहरात जे रेडिओ केंद्र होते ते १९५० साली हैदराबादच्या केंद्राबरोबर आकाशवाणीत विलीन झाले, आताचे केंद्र पुष्कळ नंतरचे.) दुहेरी दारांच्या आत, छिद्राछिद्रांच्या तक्त्यांनी मढवलेल्या त्या खोलीत शिरताच कानांना दडे बसल्यासारखे झाले. मी माइकपासून हातभर लांब, साहेबासमोर बसावे तसा अदबीने बसलो. तेथील तंत्रज्ञाने काही न बोलता माझी खुर्ची पुढे ओढली, स्वतःचा पंजा फाकवून माझ्या ओठांपासून माइकपर्यंत एक वीत मोजली, माइक किंचित बाजूला वळवला आणि म्हणाला, “कागद उलटताना बोलू नका, भाऊसाहेब, आणि बोलताना उलटू नका.” त्या वेळी मला तो उद्धट वाटला. आज या कामाचे निम्मे शास्त्र त्या एका वितीत होते असे माझे मत आहे. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोलीतून परतून येणारा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे जवळ सरकणे हेच खोलीला दूर लोटणे होय, आणि याला खर्च शून्य आहे. माइक बाजूला वळवण्याचे कारण आपल्या वर्णमालेत आहे. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण ओठांतून नुसता नाद नव्हे तर वाऱ्याचा झोत सोडतात. ‘भाऊ’ म्हणताना तळहात तोंडापुढे धरून पाहावा. तो झोत माइकच्या पडद्यावर थेट आदळला की धाडकन धक्का नोंदला जातो. भरतकामाच्या लाकडी कड्यावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून मी झोत अडवणारी एक चाळणी केली. ती पाहून नातवाने तिला आजोबांची गाळणी असे नाव दिले, ते टिकले.

माझ्यापुरते काम मार्गी लागले, तशी इतरांच्या ध्वनिमुद्रणांची दुरुस्ती आपोआप माझ्या गळ्यात पडली. आता मला पुन्हा दफ्तर मिळाले होते. आवक फाइलींची बारनिशी, प्रत्येकीवर दोषांचा शेरा, मुदत, तगादा, सारे यथासांग. पहिले परिपत्रक निघाले ते व्हॉट्सॅपविषयी: ध्वनिमुद्रण तेथे बोलका निरोप म्हणून धाडू नये, कारण त्यात आवाज पिळून लहान केला जातो; तो ‘दस्तऐवज’ म्हणून जोडावा. हा शब्द त्या अॅपच्या मराठीत पाहून मला किती धन्य वाटले, हे महसूल खात्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. दुसरे परिपत्रक आवाजाच्या पातळीचे. अंकीय ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही सरहद्द आहे. तिच्या खाली उणे सहापर्यंत शिखरे ठेवावीत, कारण सरहद्द ओलांडली की लाटेचा माथा छाटला जातो आणि छाटलेला माथा कोणतेही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणून देत नाही. हळू आवाज वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही. तिसऱ्या परिपत्रकात मी प्रत्येकाला सांगितले की वाचनाच्या आरंभी दहा सेकंद काहीही न बोलता बसावे.

या दहा सेकंदांना फार हरकती आल्या. काही न बोलणे ध्वनिमुद्रित कशाला करायचे? परंतु काही न बोलणे म्हणजे काही नसणे नव्हे, हे मी या चौकातच शिकलो होतो. ९ ऑगस्ट २०१६ रोजी क्रांती चौकातून मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला, त्या दिवशी मी आमच्या गच्चीत उभा होतो. दृष्टी पोहोचेल तेथवर माणसे, आणि घोषणा एकही नाही; पण ती शांतता रिकाम्या रस्त्याची नव्हती. तिच्यात चपलांची घसट होती, कापडाची सळसळ होती, एवढ्या मोठ्या समुदायाचा श्वास होता. प्रत्येक खोलीची न बोलण्याची अशीच एक स्वतंत्र जात असते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला (अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी आरंभलेले हे काम २००० साली लोकांच्या हाती आले) ते दहा सेकंद नमुना म्हणून दाखवले की, कोणत्या स्वरपट्टीत खोलीची गुणगुण किती आहे याची ते नोंद घेते, आणि पुढे जेथे जेथे आवाज त्या नोंदीच्या वर चढत नाही तेथे तेवढी पट्टी दाबून टाकते. पहिल्यांदा हा चमत्कार पाहिला तेव्हा मला अधिकाराची धुंदी चढली. कुलर गेला! पंखा गेला! आणखी दाबले, आणखी गेले. शेवटी उरलेला आवाज पाण्याच्या हौदातून बोलणाऱ्या माणसासारखा झाला आणि शब्दांच्या शेवटी बारीक घुंगरे किणकिणू लागली. गोंगाटाबरोबर अक्षरांच्या कडाही मी झिजवल्या होत्या. विजेच्या घुमाऱ्याचेही तसेच. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया नेमका त्याच शंभराच्या आसपास. घुमारा मुळासकट कापावा तर माणूस पोकळ होतो. ८० हर्ट्झच्या खालचे सारे निर्धास्त छाटावे, कारण तेथे ट्रकांखेरीज कोणी राहत नाही. त्याच्या वर मात्र प्रत्येक छाटणीला नोटीस द्यावी.

आमच्या मेळातल्या एका निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारा परिसर नुसते ‘बाई’ म्हणतो, समर्थनगरातल्या आपल्या घरी ‘श्यामची आई’ वाचत होत्या. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे २०१० अखेर संपल्याने या पुस्तकाला कोणाच्याच परवानगीचे बंधन उरलेले नाही. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची प्रकरणे ‘रात्री’ म्हणून मोजली. मी ती रात्रीच तपाशीत होतो. बाईंचा उच्चार नमुनेदार, परंतु दातांची कवळी नवी, आणि पुस्तकाच्या नायकाचे नाव श्याम. पानोपानी तो ‘श’ शिट्टी होऊन कानात शिरे. ऊष्म वर्णांची ही धार साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान असते; तेवढीच बोथट करणारे साधन असते, ते मी लावले, आणि जरा जास्त लावले, तो गुरुजींचा श्याम ‘थ्याम’ झाला. अर्थातच फेरफार रद्द केला. त्याखेरीज माझ्या कारकुनी टापटिपीने आणखी एक सुधारणा केली. बाई परिच्छेदाच्या शेवटी फार थांबत. कधी कधी चार सेकंद. तेवढ्यात मोबाइल आपण होऊन आवाज वाढवी आणि रस्त्यावरची बस जणू घरात शिरे. मी ते सारे थांबे कापून सारखे केले. पस्तीस मिनिटांचे प्रकरण एकतीस मिनिटांत बसले आणि मी अभिमानाने ते शेजारच्या मुलाकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी तो जिना चढून वर आला. “काका,” तो म्हणाला, “मी दुपटीच्या वेगानं ऐकतो. मागची बस राहू द्या, ती येते नि सरळ निघून जाते. पण बाई एका मोठ्या रिकाम्या खोलीत बसून वाचतायत, ती खोली प्रत्येक शब्दाला चिकटलीय. ती खोली काढा. आणि बाई वाचताना मध्ये थांबतच नाहीत का हो? मला परिच्छेद कुठं संपला ते कळेना.”

मी निरुत्तर झालो. डोळ्याने वाचणाऱ्याला परिच्छेदाचा कोरा भाग दिसतो. याला तो चार सेकंदांत ऐकू येत होता, आणि मी तो वाया गेलेली जागा समजून जप्त केला होता. नोकरीतला तो बांधावरचा शेतकरी मला त्या क्षणी का आठवावा, हे मी त्या मुलाला सांगितले नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणासाठी सरकारने १९१३ ते १९२९ या काळात बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत हिंदुस्थानच्या अनेक भाषांत आणि बोलींत वदवून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतला होता. त्या तबकड्यांवर खरखर अमाप आहे, पण बोलणारा कोठे थांबला ते शंभर वर्षांनीही ऐकू येते. म्हणजे सरकारी दफ्तरालाही माणसाचा आवाज जसाच्या तसा दाखल करून घेण्याचा मोह एकदा झाला होता. आमच्या कचेरीपर्यंत तो पोहोचला नाही, एवढेच.

थांबे मूळ फाइलीतून परत आणले. खोली काढणे मात्र माझ्या हातात नव्हते. गुणगुण सारखी असते, म्हणून तिची नोंद घेऊन ती वजा करता येते. खोलीचा प्रतिध्वनी हा त्या माणसाच्याच आवाजाचा बनलेला असतो, शब्द बदलला की तो बदलतो, आणि त्याला वजा करू गेले की शब्दच वजा होतो. तेव्हा दुरुस्ती फाइलीत नव्हे, समर्थनगरात करणे प्राप्त होते. मी दोन गोधड्या स्कूटरवर बांधल्या, त्या मुलाला मागे बसवले आणि बाईंच्या घरी स्थळपाहणीस गेलो.

पाहणी म्हणजे खोलीखोलीतून टाळी वाजवत हिंडणे. दिवाणखाना, जेथे बाई बसत, तेथे टाळीला लगेच धातूसारखी झणझण येई. समोरासमोरच्या उघड्या भिंतींनी ती एकमेकींकडे फेकली जात होती. मला वेरुळच्या दहाव्या लेण्याची आठवण झाली, ज्याला तिकडे सुतार का झोपडा म्हणतात. त्या कमानदार छताखाली एक स्वर लावला की तो मागून कितीतरी वेळ आपली सोबत करतो, आणि पठणासाठी ती वास्तू करणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते चांगले ठाऊक होते. पण तेथे बसून कोणी ‘श्यामची आई’ वाचू लागले तर मागच्या वाक्यातली आई पुढच्या वाक्यात रेंगाळेल. बाईंच्या घरात तो मुलगाच पुढे होता. टाळी मी वाजवी, निकाल तो देई. “इथं नको.” “इथं छत वाजतंय.” शेवटी स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत, जेथे गव्हाची पोती, गाद्यांची चवड आणि लग्नातली ट्रंक होती, तेथे माझी टाळी नुसती ‘टप्’ झाली आणि संपली. मुलगा म्हणाला, “इथं.”

बाई दारात उभ्या होत्या. “अहो भाऊसाहेब, पोत्यावर बसून वाचू का मी?”

“पोत्यासमोर, बाई. पोती तुमच्या तोंडासमोर, गोधडी पाठीमागे. आणि माइक एक वीत.”

“कुणाची वीत?” त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न बरोबर होता, जमिनीच्या मोजणीतही आम्ही आधी तेच विचारत असू.

त्या खोलीत त्यांनी पुढच्या अकरा रात्री वाचल्या. पाचव्या रात्रीत एक बस आहे, ती मी ठेवली आहे. परवा त्यांचा फोन आला की कवळी डॉक्टरांकडून घासून बसवून घेतली आहे, आता ‘श’ नीट लागतो, तेव्हा पहिल्या सगळ्या रात्री दिवाणखान्यातल्या रद्द समजाव्यात, त्या पुन्हा वाचून देणार आहेत. मी मुदत विचारली, तर म्हणाल्या, पोती दळणाला जायच्या आत. तेवढ्यासाठी आज गोधड्या गच्चीत उन्हाला टाकल्या आहेत.